आक्रमकतेचे शमन आणि परिचारिकेची प्रतिमा : ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ व ‘खामोशी’ या चित्रपटांची चिकित्सा

प्रस्तावना

रुग्णालय, मनोरुग्णालय, वृद्धाश्रम किंवा घरातील आजारी माणसाची खोली या सर्व ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याला केव्हा ना केव्हा आक्रमक वर्तनाला सामोरे जावे लागते. रुग्ण ओरडतो, वस्तू फेकतो, अंगावर धावून येतो. अशा क्षणी बळाचा वापर न करता, कोणालाही इजा होऊ न देता तणाव उतरवणे याला वैद्यकीय परिभाषेत ‘डी-एस्कलेशन’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘शमन’ हा शब्द वापरला आहे. दमन आणि शमन यांतील भेद मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शमनाविषयी परिचर्या आणि मनोविकारशास्त्र या शाखांत विपुल लेखन झाले आहे. सर्वसामान्य सुशिक्षित माणसाच्या मनातील मनोरुग्णालय मात्र त्या लेखनातून घडलेले नाही. ते प्रामुख्याने चित्रपटांतून घडले आहे. आक्रमक रुग्ण कसा असतो आणि त्याच्यासमोर उभी असलेली परिचारिका कशी असते, याची दोन ठसठशीत चित्रे भारतीय प्रेक्षकासमोर आहेत. एक आहे मिलॉश फोरमन दिग्दर्शित ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ (१९७५) या अमेरिकन चित्रपटातील नर्स रॅचेड, आणि दुसरे आहे असित सेन दिग्दर्शित ‘खामोशी’ (१९६९) या हिंदी चित्रपटातील नर्स राधा. पहिली निष्ठुरतेचे प्रतीक ठरली, तर दुसरी त्यागाचे. या दोन्ही चित्रपटांचे कलात्मक मोल वादातीत आहे. तथापि आक्रमकतेच्या शमनाचा प्रश्न मनात ठेवून ते पुन्हा पाहिले असता असे दिसते की, दोन्ही चित्रपट एकाच गैरसमजाला बळ देतात. शमन हा परिचारिकेच्या स्वभावाचा भाग आहे, हा तो गैरसमज होय. शमन स्वभावावर कमी आणि संस्थेच्या रचनेवर अधिक अवलंबून असते, हे या चित्रपटांच्याच आधारे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शमनाची संकल्पना

आक्रमकता हा रुग्णाच्या अंगी असलेला दोष आहे, ही जुनी समजूत. गेल्या काही दशकांतील अभ्यासाने ती बरीचशी मोडीत काढली आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील लेन बोवर्स यांनी २०१४ साली मांडलेल्या ‘सेफवॉर्ड्स’ या प्रारूपानुसार वॉर्डातील संघर्ष काही विशिष्ट ठिणग्यांतून पेटतो. विनंती नाकारली जाणे, वाईट बातमी कळणे, बाहेर जाण्यास मज्जाव होणे, सर्वांदेखत पाणउतारा होणे या त्यांपैकी काही होत. म्हणजेच आक्रमकतेचा उगम बहुधा रुग्ण आणि संस्था यांच्यातील व्यवहारात असतो. या प्रारूपातील दहा उपायांची चाचणी इंग्लंडमधील १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत घेण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार संघर्षाच्या घटनांत सुमारे १५ टक्के आणि बांधून ठेवणे, सक्तीने औषध देणे यांसारख्या नियंत्रक उपायांत सुमारे २६ टक्के घट झाली. उपाय साधेच होते. परस्परांकडून काय अपेक्षा आहेत हे उघडपणे ठरवणे, नकार सौम्य शब्दांत देणे, वाईट बातमी सांगताना आधी तयारी करणे, कर्मचारी आणि रुग्ण यांनी एकमेकांची माणूस म्हणून ओळख करून घेणे आणि एखादी घटना घडून गेल्यावर इतर रुग्णांना धीर देणे अशा गोष्टींचा त्यांत समावेश होता.

अमेरिकेतील आपत्कालीन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली ‘प्रोजेक्ट बीटा’ या नावाने शाब्दिक शमनाची दहा सूत्रे प्रसिद्ध केली. रुग्णापासून किमान दोन हात अंतर ठेवावे, त्याला डिवचू नये, एकाच व्यक्तीने त्याच्याशी बोलावे, थोडक्यात बोलावे, त्याला काय हवे आहे आणि काय वाटते आहे हे ओळखावे, लक्षपूर्वक ऐकावे, जिथे शक्य तिथे सहमत व्हावे, मर्यादा स्पष्ट सांगाव्यात, पर्याय द्यावेत, आणि घटना संपल्यावर रुग्ण व कर्मचारी या दोघांशीही तिच्याविषयी बोलावे. ही सूत्रे जवळ ठेवून दोन्ही चित्रपटांकडे वळता येते.

काच फुटण्यापूर्वी

केन केसी यांची मूळ कादंबरी १९६२ सालची. चित्रपटाचे चित्रीकरण ओरेगन राज्यातील सेलम येथील प्रत्यक्ष मनोरुग्णालयात झाले आणि तेथील अधीक्षक डीन ब्रुक्स यांनीच चित्रपटातील डॉक्टरची भूमिका केली. त्यामुळे वॉर्डाच्या दैनंदिन व्यवहाराला चित्रपटात एक प्रकारची दस्तऐवजी विश्वसनीयता आली आहे. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री आणि रूपांतरित पटकथा अशी पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग सिगारेटींचा आहे. समूहचर्चा चालू असते. चेस्विक हा एरवी भित्रा असलेला रुग्ण आपल्या सिगारेटी परत मागतो. मॅकमर्फीने जुगारात इतरांच्या सिगारेटी जिंकायला सुरुवात केल्यामुळे रॅचेडने त्या ताब्यात घेऊन मोजून देण्याची पद्धत लावलेली असते. ती चेस्विकला खाली बसायला सांगते. तो पुन्हा मागतो आणि ती पुन्हा बसायला सांगते. आपण लहान मूल नाही, हे तो अधिकाधिक वरच्या आवाजात सांगू लागतो. अखेर मॅकमर्फी उठतो, परिचारिका-कक्षाची काच हाताने फोडतो आणि सिगारेटी काढून चेस्विकच्या हवाली करतो. परिचर त्याच्यावर तुटून पडतात, चीफ ब्रॉम्डेन त्याच्या मदतीला धावतो आणि झटापट होते. पुढे तिघांनाही दुसऱ्या विभागात नेले जाते. चेस्विक आणि मॅकमर्फी यांना विजेचे झटके दिले जातात.

प्रेक्षकाला हा प्रसंग बंडाचा वाटतो. काच फुटते तेव्हा चित्रपटगृहात सुटकेचा निःश्वास उमटतो, आणि दिग्दर्शकालाही तेच अभिप्रेत आहे. परंतु शमनाच्या दृष्टीने काच फुटण्याआधीची दोन-तीन मिनिटेच खरी महत्त्वाची आहेत. त्या अवधीत संघर्ष टाळण्याच्या निदान चार संधी येतात आणि चारही वाया जातात. चेस्विकची मागणी पहिल्यांदा आली तेव्हा तिची नोंद घेता आली असती. चर्चेनंतर याविषयी बोलू, एवढे आश्वासनही पुरेसे ठरले असते. आवाज चढू लागला तेव्हा त्याला वर्तुळातून बाजूला नेऊन एकट्याशी बोलता आले असते. कारण प्रेक्षकांसमोर माघार घेणे कोणत्याही माणसाला कठीण जाते. नियमाचे कारण सांगताना रॅचेड सर्वांदेखत मॅकमर्फीला दोषी ठरवते. त्यामुळे भांडणात दुसरा माणूस ओढला जातो, आणि ही तिसरी संधीही हुकते. चौथी संधी पर्यायाची होती. आज किती सिगारेटी मिळतील आणि उरलेल्या केव्हा मिळतील, हे सांगितले असते तरी नकाराची धार बोथट झाली असती.

याआधीच्या दोन प्रसंगांतही हीच रचना आढळते. वॉर्डात सतत वाजणारे संगीत थोडे हळू करावे, अशी मॅकमर्फीची विनंती असते. वृद्ध रुग्णांना ते ऐकू यायला हवे, या कारणास्तव ती फेटाळली जाते. कारण खोटे नाही, पण त्यावर चर्चा नाही. बेसबॉलचा सामना दूरचित्रवाणीवर पाहण्यासाठी मतदान होते. दुसऱ्या खेपेला चर्चेत बसलेले नऊही रुग्ण हात वर करतात. तेव्हा वॉर्डात एकूण अठरा रुग्ण आहेत, सबब बहुमत झाले नाही, असे सांगितले जाते. मोठ्या खटपटीने चीफचा दहावा हात वर होतो, तोवर बैठक संपल्याचे जाहीर झालेले असते. म्हणजे येथे रुग्णाला मताचा अधिकार आहे, पण त्या मताने काही बदलण्याची शक्यता नाही. नकारापेक्षा असा दिखाऊ होकार अधिक चीड आणतो. सिगारेटींच्या प्रसंगी जी काच फुटते तिला तडा या मतदानाच्या दिवशीच गेलेला असतो.

शांत स्वराचे दडपण

रॅचेडच्या भूमिकेतील लुईस फ्लेचर यांच्या अभिनयाचे वैशिष्ट्य असे की, त्यांचा आवाज जवळजवळ कधीच चढत नाही. चेहऱ्यावर राग दिसत नाही. वाक्ये छोटी असतात आणि मर्यादा स्पष्ट सांगितलेल्या असतात. वर दिलेल्या दहा सूत्रांशी ताडून पाहिले तर त्यांतील बाह्य आचाराची बरीच सूत्रे रॅचेड पाळते! तरीही तिच्या वॉर्डात तणाव उतरत नाही, उलट साचत जातो. तिच्या वागण्यात उणीव आहे ती ऐकण्याची, सहमतीची जागा शोधण्याची आणि पर्याय देण्याची. ही तीनच सूत्रे अशी आहेत की, ती पाळायची तर अधिकाराचा थोडा अंश रुग्णाच्या हाती द्यावा लागतो.

शमन-प्रशिक्षणाकडे पाहण्याची एक कसोटी या निरीक्षणातून मिळते. आवाज खाली ठेवा, हात उघडे ठेवा, नजर रोखू नका, अशा सूचनांपुरतेच प्रशिक्षण मर्यादित राहिले तर त्यातून रॅचेडच घडण्याचा संभव असतो. शांत स्वर हे शमनाचे साधन आहे; परंतु निर्णय आधीच झालेला असेल आणि तो बदलणारच नसेल, तर तोच शांत स्वर रुग्णाला दडपणासारखा जाणवतो. आपण ओरडतो आहोत आणि समोरची व्यक्ती शांत आहे, यातूनच ‘वेडा कोण’ याचा निवाडा होऊन जातो. रुग्णाच्या तक्रारीतील तथ्य त्या निवाड्याखाली दबून जाते.

येथे चित्रपटाच्या मर्यादेकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. रॅचेड दुष्ट हेतूने वागते असे चित्रपटातील घटनाक्रम सिद्ध करत नाही. मॅकमर्फीला परत तुरुंगाच्या शेतावर पाठवावे, असा विचार डॉक्टरांच्या बैठकीत पुढे येतो, तेव्हा आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात न घालता त्याला मदत करावी, अशी भूमिका तीच घेते. रात्री त्या वॉर्डात किती कर्मचारी असतात, परिचरांना कोणते शिक्षण मिळाले आहे, डॉक्टर वॉर्डात किती वेळ देतात, नियम कोणी केले, हे प्रश्न चित्रपट विचारत नाही. संस्थेचा सारा दोष एका स्त्रीच्या चेहऱ्यावर आणि कृष्णवर्णीय परिचरांच्या मुठींवर गोळा होतो. संस्थेवर टीका करण्याच्या आवेशात संस्थाच नजरेआड होते आणि एक खलनायिका तेवढी उरते. तिच्या जागी दयाळू परिचारिका आली असती तर सर्व सुरळीत झाले असते, असा भाबडा निष्कर्ष प्रेक्षक काढू शकतो. तो निष्कर्ष तपासायचा तर ‘खामोशी’कडे वळावे लागते.

दयाळूपणाची किंमत

‘खामोशी’ हा चित्रपट आशुतोष मुखोपाध्याय यांच्या बंगाली कथेवर आधारित असून, याच कथेवर असित सेन यांनी १९५९ साली ‘दीप ज्वेले जाय’ हा बंगाली चित्रपट केला होता. त्यात सुचित्रा सेन यांनी साकारलेली परिचारिका हिंदीत वहीदा रहमान यांनी उभी केली. मनोरुग्णालयाचे प्रमुख कर्नलसाहेब एका नव्या उपचारपद्धतीचा पुरस्कार करत असतात. तीव्र उन्मादाच्या रुग्णाला परिचारिकेने मायेने, प्रेयसीच्या प्रेमाने जिंकावे, म्हणजे तो बरा होईल, असा त्यांचा सिद्धांत असतो. देव हा रुग्ण राधाच्या शुश्रूषेने बरा होतो आणि आपल्या आयुष्यात निघून जातो. राधाने प्रेमाचा केवळ अभिनय केलेला नसतो. त्यानंतर प्रेमभंगाने बिथरलेला अरुण दाखल होतो. राधा आधी नकार देते, पण शेवटी ती जबाबदारी स्वीकारते. अरुण बरा होतो. राधा मात्र मनाचा तोल गमावते आणि ज्या खोलीत तिने रुग्णांची सेवा केली त्याच चोवीस क्रमांकाच्या खोलीत रुग्ण म्हणून बंद होते.

रॅचेडकडे जे नाही ते सर्व राधाकडे आहे. ती ऐकते आणि वाट पाहते. रुग्णाच्या संतापामागचे दुःख तिला दिसते. अरुणच्या आक्रस्ताळेपणापुढे ती मागे हटत नाही, आणि त्याला चिरडूही पाहत नाही. कमल बोस यांच्या कृष्णधवल छायाचित्रणाने रुग्णालयाच्या जिन्यांतून आणि गजांच्या सावल्यांतून तिचा एकाकीपणा उत्तम टिपला आहे. शमनाचा आत्मा म्हणजे समोरच्याला माणूस म्हणून पाहणे, असे मानले तर राधा आदर्श ठरते.

तरीही शमनाची पद्धती म्हणून पाहता या चित्रणात दोन गंभीर दोष आढळतात. पहिला दोष सत्यतेचा आहे. राधाला जे करायला सांगितले जाते ते रुग्णाची दिशाभूल करणारे आहे. फसवून आणलेली शांतता उसनी असते. फसवणूक उघड झाली की ती व्याजासह फेडावी लागते. प्रत्यक्ष शुश्रूषेतही याची लहान रूपे सर्रास आढळतात. ‘फिरायला जाऊ’ म्हणून रुग्णाला दवाखान्यात आणले जाते. ‘उद्या घरी सोडू’ असे सांगून आजची वेळ मारून नेली जाते. जेवणात औषध मिसळले जाते. तेवढ्यापुरता तणाव टळतो. पुढच्या वेळी मात्र तोच रुग्ण कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही, आणि शब्दावरचा विश्वास हेच तर शमनाचे भांडवल असते.

दुसरा दोष शुश्रूषा करणाऱ्याविषयीचा आहे. राधाच्या मनावर काय परिणाम होतो आहे, याची विचारणा रुग्णालयात कोणी करत नाही. देवच्या प्रकरणानंतर तिला विश्रांती मिळत नाही. तिच्या नकाराचा अर्थ समजून घेतला जात नाही. कर्नलसाहेबांना आपला सिद्धांत दुसऱ्यांदा सिद्ध करायचा असतो. घटनेनंतर कर्मचाऱ्याशीही बोलावे, हे ‘प्रोजेक्ट बीटा’चे दहावे सूत्र येथे किती मोलाचे आहे हे राधाच्या शेवटावरून कळते. चित्रपटाला या शेवटातील अन्याय जाणवतो, हे मान्य करायला हवे. त्यामुळेच तो सामान्य प्रेमकथेच्या वर उठतो. परंतु चित्रपटाचा एकूण सूर त्या अन्यायाला त्यागाचे तेजोवलय देतो. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो, आणि रुग्णालयाची व्यवस्था कोणाला दोषी वाटत नाही.

अशा रीतीने एक चित्रपट परिचारिकेला जुलमी ठरवतो आणि दुसरा तिला देवीच्या आसनावर बसवतो. दोन्हींत ती एकटीच आहे. तिच्या मागे सहकारी, नियम, विश्रांती, प्रशिक्षण असे काही असावे लागते, ही कल्पना दोन्ही चित्रपटांत अनुपस्थित आहे.

नायकाच्या चित्रामागील परिचर

शमनाचे श्रेय एका व्यक्तीच्या तेजाला देण्याची परंपरा चित्रपटांहून जुनी आहे. फ्रेंच चित्रकार तोनी रोबेर-फ्लरी यांनी १८७६ साली काढलेल्या प्रसिद्ध चित्रात डॉ. फिलिप पिनेल हे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील स्त्रियांना साखळदंडांतून मुक्त करवीत आहेत. मनोविकारशास्त्राच्या इतिहासाचे हे जणू मुखपृष्ठच बनले आहे. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. बिसेत्र येथील रुग्णालयात १७९७ साली लोखंडी बेड्या काढण्याचे काम केले ते तेथील पर्यवेक्षक झां-बातिस्त प्यूसां यांनी. पिनेल त्यापूर्वीच साल्पेत्रिएरला गेलेले होते. प्यूसां हे डॉक्टर नव्हते. कधीकाळी ते स्वतःच बिसेत्र येथे गंडमाळेच्या उपचारासाठी दाखल झाले होते. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच परिचर म्हणून नेमावे आणि रुग्णाने हल्ला केला तरी परिचराने त्याला मारू नये, असा त्यांचा दंडक होता. पिनेल यांनी त्यांचे ऋण आपल्या लेखनात मान्य केले आहे.

या उदाहरणाचे महत्त्व असे की, प्यूसां यांचे काम नियम, नेमणूक आणि देखरेख यांतून उभे राहिले होते. ते चित्रात दाखवणे अवघड आहे. बेडी तुटण्याचा क्षण रंगवता येतो. परिचराने हात आवरला, हा रोजचा व्यवहार रंगवता येत नाही. फुटणारी काच आणि अश्रू ढाळणारी राधा यांच्या बाबतीतही हेच घडते. कलेला नाट्यमय क्षण हवा असतो, आणि शमन यशस्वी होते तेव्हा नाट्य घडतच नाही.

कायदा आणि घर

भारतीय संदर्भात हा प्रश्न केवळ कलासमीक्षेचा राहत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथील एका आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. तेथे बांधून ठेवण्याचे कारण नेहमीचेच होते. रुग्ण बिथरतात, आणि माणसे पुरत नाहीत.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ९५ नुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास तसेच भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विद्युत-उपचार करण्यास मनाई आहे. मॅकमर्फीला चार जणांनी दाबून धरून दिलेला झटका या कलमाच्या कक्षेत आला असता. कलम ९७ नुसार रुग्णाला एकांतवासात ठेवता येत नाही. तत्काळ होऊ घातलेली इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञाने मान्यता दिली असेल तरच शारीरिक प्रतिबंध करता येतो. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून तो वापरता येत नाही. त्याची पद्धत, कारण आणि कालावधी यांची नोंद ठेवावी लागते आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. केवळ कर्मचाऱ्यांची कमतरता आहे म्हणून प्रतिबंध करता येणार नाही, हेही या कलमात स्पष्ट म्हटले आहे.

या शेवटच्या तरतुदीतच सारा पेच सामावलेला आहे. कायद्याने कमतरतेची सबब नाकारली. परंतु सबब नाकारल्याने कमतरता नाहीशी होत नाही. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये असोत किंवा एखाद्या लहान गावातील खाजगी रुग्णालय असो, रात्रपाळीत एकट्याने वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरकडून किंवा मावशीकडून तासभर धीराने संवाद साधण्याची अपेक्षा करणे म्हणजे तिला राधा होण्यास सांगणे होय. ते तिला जमले नाही तर तिलाच रॅचेड ठरवले जाते. कायदा प्रत्यक्षात उतरायचा असेल तर पाळीवरील माणसांची संख्या, संकटसमयी हाकेला धावणारा सहकारी, घटनेनंतरची चर्चा आणि नियमांची वेळोवेळी फेरतपासणी या गोष्टी अर्थसंकल्पात आणि सेवानियमांत दिसल्या पाहिजेत.

शिवाय आपल्याकडे शुश्रूषेचे मोठे क्षेत्र रुग्णालयाबाहेर आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या मराठी चित्रपटाने याची जाण दाखवली. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला आहे आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली त्याची बहीण त्याला आपल्या घरी आणते. येथे खलनायिका नाही, आणि देवीही नाही. आजार समजून घेण्याची धडपड करणारी, थकणारी, उपचारांचा आधार घेणारी एक बहीण आहे. शेषच्या मनातील देवराईला चित्रपट त्याच्याच नजरेने पाहतो. त्यामुळे त्याचा उद्रेक प्रेक्षकाला अकारण वाटत नाही. उद्रेकामागचे कारण ऐकणे ही शमनाची पहिली पायरी असेल, तर ‘देवराई’ ती पायरी प्रेक्षकालाही चढायला लावतो. उपरोक्त दोन्ही चित्रपटांच्या तुलनेत त्याचे हे वेगळेपण लक्षणीय आहे.

काही मर्यादा

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. सर्वच आक्रमकता व्यवहारातून जन्मत नाही. दारू अचानक बंद झाल्याने येणारा भ्रम, तीव्र तापातील वात, रक्तातील साखर एकदम उतरणे, मेंदूला झालेली इजा अशा अवस्थांत रुग्णापर्यंत शब्द पोहोचतीलच असे नाही. तेथे कारणाचे निदान, औषध आणि क्वचित धरून ठेवणे हेच सुरक्षित असते. शमनाच्या नावाखाली त्यास विलंब करणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. तसेच कर्मचाऱ्यालाही इजा न होण्याचा अधिकार आहे. सोसत राहणे म्हणजे शमन नव्हे.

शास्त्रीय पुराव्याची बाजूही पूर्णतः भक्कम नाही. मनोविकृतीतील आक्रमकतेवर शमन-तंत्रांचा काय परिणाम होतो, याचा कॉक्रेन संस्थेने २०१७ साली आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारी एकही यादृच्छिक चाचणी हाती लागली नाही. ‘सेफवॉर्ड्स’चे निष्कर्ष आशादायक आहेत, मात्र ते संपूर्ण वॉर्डाची रीत बदलण्याविषयी आहेत, संतप्त रुग्णासमोर उच्चारलेल्या एखाद्या वाक्याच्या परिणामाविषयी नाहीत. प्रस्तुत लेखातील प्रतिपादनाला हा भेद पूरकच आहे. पुरावा जो काही आहे तो व्यवस्थेच्या बाजूने आहे.

समारोप

‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ने संस्थेच्या दडपणाचे इतके प्रभावी दर्शन घडवले की, त्यानंतर मनोरुग्णालयाच्या शांततेकडे निःशंक मनाने पाहणे अशक्य झाले. ‘खामोशी’ने आक्रमक रुग्णाच्या आत एक दुखावलेला माणूस असतो, हे त्या काळातील लोकप्रिय चित्रपटाच्या चौकटीत सांगितले. ही दोन्ही योगदाने मोठी आहेत. परंतु परिचर्येच्या विद्यार्थ्यांना, समाजकार्याच्या अभ्यासकांना किंवा साहित्याच्या वर्गात हे चित्रपट दाखवले जातात तेव्हा त्यांत काय दिसत नाही, याचीही चर्चा व्हायला हवी. रॅचेडच्या वॉर्डात चेस्विकला एक उत्तर आणि एक पर्याय मिळाला असता तर काच फुटली नसती. राधाच्या रुग्णालयात तिच्या नकाराला मान मिळाला असता तर चोवीस क्रमांकाच्या खोलीचे दार तिच्यावर बंद झाले नसते. या दोन्ही गोष्टींसाठी असामान्य स्वभावाची गरज नव्हती. गरज होती ती विनंतीला उत्तर मिळेल आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती एकटी पडणार नाही, अशा साध्या व्यवस्थेची. आक्रमकतेचे शमन ज्यांना शिकवायचे आहे त्यांनी प्रारंभ तेथून करणे इष्ट ठरेल.